भाऊसाहेबांना एकदा जिंकायचं होतं

"म्याडम, इथं बुद्धिबळ मिळतं का?"

खालच्या दुकानात युरिया मिळतो का विचारावं, तसं एका गृहस्थानं माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात उभं राहून विचारलं. पांढरा लेंगा, वर फिका शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत छत्री आणि बाहेर टळटळीत ऊन. मी म्हटलं, इथं कॉम्प्युटर शिकवतात.

"ते कळतंय मला, पाटी वाचता येती," ते म्हणाले. "पेपरात आलंय, फोनच्या तारेतनं परदेशातल्या माणसाशी बुद्धिबळ खेळता येतं. तुमच्याकडं ती तार हाय का न्हाई?"

तार होती. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि राहात्यात इंटरनेट हा प्रकार मोजक्याच ठिकाणी होता, त्यातलं एक ठिकाण म्हणजे माझा क्लास. नगरचा नंबर फिरवायचा, मोडेमनं किंचाळून घ्यायचं, मग लागलं तर लागलं. खताच्या दुकानाच्या वरची एक खोली, तीन कॉम्प्युटर, टायपिंग शिकणारी पोरं आणि खालून येणारा खताचा वास, एवढ्यात माझं बरं चाललं होतं. मी हो म्हटलं आणि फसले.

गाडेकर भाऊसाहेब. तलाठ्याला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. यांनी सगळी नोकरी नेवाशाच्या आणि पाथर्डीच्या बाजूला काढली आणि रिटायर होऊन राहात्याजवळच्या आपल्या गावी पेरूची बाग सांभाळत बसले होते. नोकरी संपली, पण तो तोरा काही त्यांनी सरकारजमा केला नव्हता. समोरच्याचं बोलणं पुरं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि मग स्वतःला हवं तेच करायचं, ही त्यांची पद्धत. पोरांवर मी ओरडू शकत होते. वडिलांच्या वयाच्या माणसावर ओरडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षभरात मी ते आपोआप शिकले.

पहिले काही दिवस तर ते माऊस टेबलावरून उचलून थेट पडद्याला लावायचे. सोंगटी चिकटून येईल अशी अपेक्षा. "भाऊसाहेब, तो खालीच फिरवायचा," मी दहादा सांगायची. "व्हय व्हय," म्हणायचे आणि पुन्हा उचलायचे. शेवटी मी माऊसच्या वायरीवर वह्यांचा गठ्ठा ठेवला, तेव्हा कुठं तो जमिनीवर आला.

खेळायला लागले आणि खरा ताप सुरू झाला. दुसऱ्याच डावात त्यांचा राजा अडचणीत येईलसं दिसलं, तर यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. कॉम्प्युटरनं तो परत जागेवर आणून ठेवला. त्यांनी पुन्हा उडवला. पुन्हा परत.

"म्याडम, तुमचं मशीन बिघडलंय."

"मशीन ठीक आहे. राजा असा उडत नाही."

"कोण म्हणतं? एकदा उडता येतं. शह लागायच्या आत, एकदाच, घोड्याची उडी. माझा बाप तसाच खेळला, त्याचा बाप तसाच खेळला."

"तो आपला देशी खेळ, भाऊसाहेब. हा आंतरराष्ट्रीय."

"वहिवाट म्हणून काही हाय का न्हाई?" त्यांचा आवाज चढला. "पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेनं राजा जातो, ती वाट एका मशीननं बंद करायची? माझ्या सज्यात, माझ्या ताब्यातल्या गावांत, असं कुणी केलं असतं, तर मी पंचनामा केला असता."

तिकडं समोरचा कुठल्यातरी थंड देशातला माणूस घड्याळ लावून वाट बघत होता. इकडं हे मला वहिवाटीचा कायदा समजावून सांगत होते. वेळ संपली आणि हरले. हरल्यावर म्हणाले, "ह्याला हरणं म्हणत न्हाईत. हे प्रकरण प्रलंबित हाय."

असली प्रलंबित प्रकरणं रोज वाढत गेली. दुपारच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं जायचे आणि मधल्या वेळात जगातल्या नाना देशांतल्या लोकांकडून मार खायचे. लाईट गेली तरी हरायचे, लाईन तुटली तरी हरायचे. त्यात यांना प्रत्येक परक्या माणसाची विचारपूस करायची हौस. "विचारा त्याला, गाव कोणतं? पाऊसपाणी कसंय? बागायत हाय का जिरायत?" मी इंग्रजीत टाईप करून विचारायचं. बहुतेक जण उत्तरच द्यायचे नाहीत, आणि एकानं दिलं ते भाऊसाहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, पाऊस चांगला आहे म्हणतोय. भाऊसाहेब खूश झाले आणि पुढच्या तीन चालींत वजीर घालवून बसले.

एकदा मात्र ते जिंकायच्या अगदी दारात होते. समोरच्याकडे राजा आणि एकच प्यादं उरलेलं, यांच्याकडे दोन्ही हत्ती आणि बरीच प्यादी. टायपिंगची पोरंसुद्धा उठून पाठीमागं जमली. ते प्यादं हत्तीच्या तोंडात होतं. मारलं की खेळ खलास.

"मारा," मी म्हटलं.

"न्हाई."

"अहो, मारा ना, फुकटचं आहे."

"शेवटचा मोहरा मारायचा नसतो. राजा उघडा पडला की बुर्जी झाली, मग कसली मात? डाव अर्ध्यावर सुटला समजायचं." ही आणखी एक वहिवाट. देशी खेळात समोरच्याचा राजा एकटा पडला, तर डाव बरोबरीत सुटतो. "आणि म्याडम, समोरच्याला पार भूमिहीन करू नये. एक गुंठा तरी ठेवावा त्याच्याकडं."

"इथं तसा नियम नाही. मारा आणि जिंका."

"शिवाय मात द्यायची तर प्याद्यानं द्यायची. हत्तीनं कुणीबी देतं."

मग त्यांनी दोन्ही हत्ती बाजूला उभे केले आणि एक प्यादं घेऊन त्या राजाच्या मागं निघाले, एकेक घर, सावकाश, शिवार पाहणीला निघाल्यागत. तोवर त्या भूमिहीन होण्यातून वाचलेल्या माणसानं आपलं प्यादं पळवत नेलं, त्याचा वजीर केला आणि भाऊसाहेबांना मात दिली. पाठीमागची पोरं हसून लोळायला लागली. मी कपाळावर हात मारून घेतला. माझा घसा दुखत होता. हे मात्र शांतपणे म्हणाले, "गडी चांगला पळाला."

त्या दिवशी माझा संयम संपला. मी सरळ विचारलं, "भाऊसाहेब, कशासाठी करता हे? या वयात, या उन्हात, एसटीचे धक्के खात? जिंकायचं तर तुम्हाला दिसत नाही."

पोरं खाली चहाला गेली होती. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जिंकायचं हाय. पण इथल्या कुणाला न्हाई. आमच्या घरात एक जण हाय."

मग ते कळलं. भाऊसाहेबांचे वडील पंचक्रोशीतले नावाजलेले खेळाडू. मुलगा सज्यावर, दुपारी खेळायला कुणी नाही, म्हणून म्हाताऱ्यानं सुनेला समोर बसवलं. ती नवी सून, पदराआडून पट बघायची म्हणे. सासरा गेला तेव्हा त्याचा सगळा खेळ सुनेच्या हातात होता. मुलाच्या वाट्याला घर आणि बाग आली. भाऊसाहेब रिटायर होऊन घरी आले, बायकोसमोर पट मांडला आणि त्या दिवसापासून आजपर्यंत एकही डाव जिंकले नव्हते.

"आणि कशी हरवती म्हायती हाय का," ते म्हणाले. "माझ्याकडं एक प्यादं ठेवती. एकच. आणि मग प्याद्यानं मात देती. दर बारीला. सरकारी नोकरी केलेला माणूस मी." त्यांचा चेहरा खरंच लाल झाला होता. "एकदा. एकदाच तिला हरवायचं. त्या परदेशातल्या लोकांचे डाव तिला म्हायती न्हाईत. ते शिकायचे आणि टाकायचे तिच्यावर."

मला हसू आलं आणि या माणसाबद्दल थोडी मायाही वाटली, आता खोटं कशाला बोलू. पण माया वाटली म्हणून डोक्याचा ताप कमी होत नाही. कारण आता हरणंसुद्धा त्यांना कामाचं झालं. ज्यानं हरवलं, त्याच्या पहिल्या आठ-दहा चाली ते पाठ करून घरी न्यायचे. तिथं घोळ व्हायचा. घरी खेळ देशी, इथं विदेशी. घरी प्यादं पहिल्यांदा दोन घरं पुढं टाकायचे, तर बायको हटकायची. ती सवय मोडली की इथं येऊन एकेक घर चालायचे आणि समोरचा अंगावर यायचा. घरी किल्लेकोट करायला जायचे. किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत जागा बदलून राजा कोपऱ्यात सुरक्षित बसवायचा. देशीत तो नसतोच. इथं येऊन मात्र किल्लेकोट विसरायचे आणि राजाला घोड्यासारखं उडवायचे. मी सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

पेरूचा हंगाम आला तेव्हा त्यांनी आग्रह करून मला घरी नेलं. काकूंना बघायची मला खरी उत्सुकता होती. त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. ठेंगणी, सावळी बाई, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर कुणाचंही काही देणं लागत नसल्याची शांतता. भाऊसाहेबांनी लगेच पट मांडला. त्यांना मला तमाशा दाखवायचा होता, आणि मला दिसला तो असा, की काकू मेथीवरून मान वर न करता खेळत होत्या. भाऊसाहेबांनी प्यादं दोन घरं टाकलं.

"एक घर मागं घ्या," काकू म्हणाल्या. बघितलंसुद्धा नव्हतं.

"परदेशात चालतं हे."

"मग तिकडं जाऊन खेळा. मला भाजी निवडायचीय." मग माझ्याकडं वळून, "बाई, तुमी ह्यांना शिकवता म्हनं रोज?"

"प्रयत्न करते," मी म्हटलं.

"आमच्या मामंजींनीबी लई केला," त्या म्हणाल्या आणि प्याद्यानं मात दिली. मेथीची जुडी अजून अर्धी बाकी होती.

परत निघताना भाऊसाहेब मला पेरूची पिशवी देत म्हणाले, "बघितलं? हे असं रोज." पण इतक्या खुशीत मी त्यांना माझ्या क्लासात कधी पाहिलं नव्हतं.

एवढं सगळं खरं, पण माणूस हळूहळू सुधारत होता, हेही सांगायला हवं. पुढं पुढं ते दोन घरं टाकायला चुकेनात, किल्लेकोट वेळेवर करायला लागले. एके दिवशी त्यांनी कुणाला तरी सरळ मात दिली. हत्तीनं दिली. शेवटचं प्यादं मारलं आणि मग दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी खालून भेळ मागवली. भाऊसाहेबांनी ती खाल्ली आणि म्हणाले, "हा सराव झाला. आता घरी."

त्यानंतर ते बरेच दिवस आलेच नाहीत. मला वाटलं, घरी सपाटून मार बसला असणार आणि तोंड दाखवायला लाजत असणार. मग एका दुपारी आले. कॉम्प्युटरकडं गेले नाहीत. माझ्या टेबलासमोरच्या लोखंडी खुर्चीवर बसले, छत्री मांडीवर आडवी घेऊन.

"जिंकलो," म्हणाले.

मी उठून उभीच राहिले. म्हटलं, पेढे कुठंयत? तर माझ्यावरच खेकसले. "कसले पेढे? किल्लेकोट केला मी. चुकून झाला, सवयीनं. राजा कोपऱ्यात, हत्ती बाहेर. तिच्या समोर, तिच्या डोळ्यांदेखत. आणि ती बोलली न्हाई."

"लक्ष नसेल काकूंचं."

"तिचं लक्ष न्हाई, असं कधी झालंय का? तुमी बघितलं न्हाई का मेथी निवडताना?" ते छत्रीची मूठ घासत होते. "मुद्दाम करती ती. मी रोज इथं येत होतो, त्याचा राग आलाय. परवा चहा दिला तर त्यात पावडरच न्हाई, नुसतं दूध-साखर. म्हटलं, हे काय? तर हसली. दूधवाल्याला एका सकाळी दोनदा पैसे द्यायला निघाली. सगळं मला चिडवायला."

मला कळायला लागलं होतं. माझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, काकूंना डॉक्टरकडं न्या."

मग जे काही ते मला बोलले, ते मी इथं लिहीत नाही. माझी बायको तुमच्यामाझ्यापेक्षा हुशार हाय, इथून सुरुवात झाली आणि कॉम्प्युटरनं पोरींची डोकी कशी फिरतात, इथपर्यंत गेलं. मीही कमी बोलले नाही. वर्षभराचं साठलेलं होतं. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकलं नाहीत, आता तरी ऐका, तुमच्या हट्टापायी त्या बाईचे हाल करू नका. पोरं टायपिंग थांबवून बघत होती. ते उठून गेले. पेरू आणले होते, ते तेवढे टेबलावर राहिले.

पुढचं मला त्यांच्या गावच्या एका विद्यार्थिनीकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. नेलं त्यांनी, नगरला मोठ्या डॉक्टरकडं. त्यानं सांगितलं, विसरभोळेपणा आहे, वाढत जाईल, यावर औषध नाही म्हटलं तरी चालेल. भाऊसाहेब त्या डॉक्टरशी तासभर भांडले म्हणे. वरच्या डॉक्टरचं नाव द्या म्हणाले. प्रांताच्या निकालावर कलेक्टरकडं अपील करता येतं, तसं याच्यावर कुठं करायचं, ते सांगा म्हणाले. हे ऐकून मला राग येईना आणि रडूही येईना, नुसती चिडचिड होत राहिली. कुणावर, ते कळत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि क्लास गुंडाळायची वेळ आली. पत्रिका द्यायला मी त्यांच्या गावी गेले. भांडण झालेलं, त्यामुळं जरा धाकधूकच होती. पण भाऊसाहेब "या, म्याडम" म्हणाले, जणू कालच भेटलो होतो. काकू ओट्यावरच होत्या. पदर खांद्यावर पडलेला. त्यांनी मला ओळखलं नाही, पण बस म्हणाल्या. दोघांमध्ये पट मांडलेला होता.

मी बसून बघत राहिले आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की भाऊसाहेब चुकीचे खेळताहेत. म्हणजे नेहमीसारखे चुकीचे नाही. प्यादं दोन घरं टाकलं आणि थांबले, काकूंच्या तोंडाकडं बघत. काकूंनी आपलं एक प्यादं सरकवलं. त्यांनी किल्लेकोट केला आणि थांबले. काकूंनी काहीतरी सरकवलं. मग त्यांनी उंट सरळ रेषेत ढकलला. तिरका जाणारा उंट, नाकासमोर सरळ. काकू पटाकडं बघून हसल्या. त्या हसण्यात काहीच नव्हतं. भाऊसाहेबांच्या मानेची शीर ताठली.

"अगं, बोल की," ते म्हणाले. "हे चालतं का आपल्यात?"

काकू एक प्यादं बोटांत धरून फिरवत बसल्या.

मग त्यांनी हत्ती उचलला आणि तिरका, पार या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन आपटला. सोंगट्या हलल्या. कुठल्याच देशात, कुठल्याच वहिवाटीत हत्ती असा जात नाही. ते माझ्याकडं न बघता मला म्हणाले, "म्याडम, तुमी सांगा तिला. चुकलंय म्हणून सांगा."

मी पुढं वाकून म्हटलं, "काकू, बघा ना. हत्ती तिरका गेला. असं चालतं का?"

काकूंनी हत्तीकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं, बराच वेळ. मग माझ्याकडं वळून, घरातली गोष्ट बाहेरच्याला समजावून सांगावी तशा म्हणाल्या, "जाऊ द्या, बाई. त्यांना कुठं खेळता येतं?"

भाऊसाहेब खो खो हसत सुटले. हसता हसता डोळे पुसायला लागले, शर्टाच्या बाहीनं. "ऐकलं का, म्याडम?" ते म्हणत होते. "ऐकलं का, काय म्हणाली?" काकू पुन्हा पटाकडं बघत बसल्या होत्या. माझी एसटीची वेळ झाली होती. मी पत्रिका पटाच्या कडेला ठेवली आणि उठले. फाटकापाशी वळून पाहिलं, तर ते घाईघाईनं सगळ्या सोंगट्या परत जागेवर लावत होते.